कॅमेरा घेताय? आधी लेन्सचा हिशेब मांडा, बॉडी मागून येईल

बेळगाव : तुळशीचं लग्न लागलं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातली मंगल कार्यालयं गजबजतात. त्याच्या महिना-दोन महिने आधी फोटोग्राफीत उतरू पाहणाऱ्या पोरांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "कुठला कॅमेरा घेऊ?" कुणी सोसायटीचं कर्ज काढतो, कुणाचे वडील उसाच्या बिलातून पैसे बाजूला काढून देतात, कुणी पुण्यातल्या नोकरीत साठवलेली पुंजी यात घालतो. रक्कम लाख-दीड लाखाच्या घरात जाते आणि बहुतेक वेळा ती चार यूट्यूब व्हिडिओ बघून खर्च होते.

या व्हिडिओत नव्या बॉडीचं कौतुक असतं. व्यवसाय करणाऱ्याला मात्र वेगळा हिशेब लागतो. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते आणि तिचा भाव पडतो. चांगली लेन्स नीट सांभाळली तर दहा-पंधरा वर्षं कमावते. या दोन्ही जिथे जुळतात तो माउंट एकदा निवडला की बदलणं महागात जातं. म्हणून प्रश्नांचा क्रम असा हवा : काम कोणतं, त्याला लेन्स कोणती, ती कुठल्या माउंटवर परवडते आणि सगळ्यात शेवटी बॉडी कुठली.

आधी काम ठरवा

लग्न आणि बारसं, दुकानांच्या मालाचे फोटो, दांडेलीचे धनेश पक्षी, आंबोलीचे बेडूक ही चार कामं चार वेगळ्या लेन्स मागतात. लग्नात अंधाऱ्या कार्यालयात हलती माणसं टिपायची असतात, तिथे जास्त उजेड घेणारी लेन्स हवी. पक्ष्यांना लांबचा पल्ला हवा, म्हणजे ४००-६०० मिमीची टेलिफोटो. बेडूक, कीटक, दागिने यांना मॅक्रो लेन्स लागते. ९० ते १०५ मिमीच्या मॅक्रो लेन्स वस्तूचं प्रतिबिंब सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढं घेऊ शकतात. दुकानाच्या मालासाठी साधी किट लेन्ससुद्धा चालते, पण ट्रायपॉड आणि दोन लाइट हवेतच.

"सगळ्यालाच चालेल असा एक" मागायला गेलं की दुकानदार १८ ते २०० मिमीची झूम हातात ठेवतो. फिरायला जाताना ती सोयीची आहे. रात्रीच्या वरातीत मात्र तिच्या मर्यादा लगेच कळतात.

उजेडाचा हिशेब

लेन्सच्या कडेला १:३.५-५.६ किंवा १:१.८ असे आकडे छापलेले असतात. हे ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचं माप. आकडा लहान तेवढं तोंड मोठं. हिशेब आकड्यांच्या वर्गाने होतो. ५.६ भागिले १.८ म्हणजे सुमारे ३.१, त्याचा वर्ग साधारण १०. म्हणजे एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ च्या लेन्सपेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते.

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. रस्त्यावरच्या दिव्यांत किट लेन्स पूर्ण झूम केली आणि कॅमेऱ्याने १/१५ सेकंदाचा शटर दिला, तर लेझीम खेळणाऱ्याचे हात पुसट येणारच. त्याच जागी एफ १.८ वर तोच उजेड १/१५० सेकंदात मिळतो आणि फोटो वापरण्याजोगा निघतो. किट लेन्सने तेच साधायचं तर आयएसओ दहापट वाढवावा लागेल, १६०० चा १६०००. मग फोटोत दाणे दिसतात आणि रंग फिके पडतात.

म्हणून सुरुवात करणाऱ्याने पहिली जास्तीची लेन्स ३५ किंवा ५० मिमी एफ १.८ ची घ्यावी. जवळपास प्रत्येक माउंटवर या मापाची स्वस्त लेन्स मिळते. लग्नाचं काम वाढलं की १७-५० किंवा १८-५० मिमी एफ २.८ ची झूम. टॅमरॉनची १७-५० एफ २.८ ही डीएसएलआरच्या जमान्यातली लेन्स आजही जुन्या बाजारात फिरते. सिग्माची १८-५० एफ २.८ मिररलेससाठी आहे.

एक सावधगिरी. एफ १.८ वर फोकसची पट्टी फार अरुंद होते. नवरा-नवरी एका रेषेत नसतील तर एकाचा चेहरा स्पष्ट आणि दुसऱ्याचा मऊ येतो. स्टेजवरच्या मोठ्या ग्रुपला एफ ५.६ च लागतो आणि तिथे उजेडाची भरपाई फ्लॅशने करायची. चांगला फ्लॅश ही चैन नव्हे, लग्नाच्या कामाचं ते हत्यारच आहे.

जागेचा हिशेब

दुसरी गल्लत मिलिमीटरमध्ये होते. सेन्सरचे दोन आकार बाजारात जास्त चालतात. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिमी. एपीएस-सी म्हणजे निकॉन, सोनी, फुजीमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिमी आणि कॅननमध्ये त्याहून किंचित लहान. लहान सेन्सर चित्राच्या कडा कापतो, म्हणून एपीएस-सीवर ५० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ मिमीसारखी दिसते (कॅननवर ८० सारखी).

आपल्या कार्यालयात याचा अर्थ काय? समजा स्टेजवर सहा मीटर रुंद ग्रुप उभा आहे. एपीएस-सी बॉडीला ५० मिमी लावली तर सगळ्यांना चौकटीत घ्यायला तुम्हाला जवळजवळ १३ मीटर मागे जावं लागेल. ३५ मिमीने ९ मीटर, १८ मिमीने साडेचार-पाच मीटर. गावातल्या छोट्या हॉलमध्ये १३ मीटर मागे गेलात तर जेवणाच्या पंगतीत जाऊन उभे राहाल! म्हणून फक्त ५० मिमी घेऊन लग्न करता येत नाही. ५० मिमी वधूच्या चेहऱ्यासाठी, मेंदीच्या हातांसाठी, आईच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी. ग्रुपसाठी किट लेन्स जवळ ठेवायचीच.

पक्ष्यांच्या बाबतीत हाच प्रकार फायद्याचा ठरतो. ६०० मिमीची लेन्स एपीएस-सीवर ९०० सारखी दिसते आणि दूरच्या फांदीवरचा धनेश चौकटीत मोठा येतो. त्यामुळे जंगलाची आवड असणाऱ्याने फुल फ्रेमच्या मागे धावायची गरज नाही.

मग फुल फ्रेम कुणाला? तिचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सव्वादोन पटीहून जास्त आहे. तेवढाच एफ नंबर ठेवला तर ती एकूण जास्त उजेड गोळा करते आणि अंधारात फोटो स्वच्छ येतो. पण तिच्या लेन्स जड आणि महाग. फुल फ्रेम बॉडीत सगळे पैसे घालून तिला एफ ३.५-५.६ ची स्वस्त झूम लावली, तर मोठ्या सेन्सरने मिळवलेलं लेन्स घालवून बसते.

मेगापिक्सेलचा बाऊ नको

करिझ्मा अल्बमचं १२ बाय १८ इंची पान ३०० डीपीआयने छापायला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलची बॉडी ६००० बाय ४००० पिक्सेल देते. अख्ख्या पानावर एकच फोटो टाकला तरी तो पुरून उरतो आणि बहुतेक पानांवर तर चार-पाच फोटो असतात. ४के व्हिडिओची एक चौकट जेमतेम ८.३ मेगापिक्सेलची असते. ४५ मेगापिक्सेलची बॉडी घेतली तर कार्ड, हार्ड डिस्क आणि संगणक या तिन्हींचा खर्च वाढतो. गिऱ्हाईक त्याबद्दल एक रुपयाही जास्त देत नाही.

माउंट म्हणजे सोयरीक

लेन्स बॉडीला जिथे बसते त्या धातूच्या कड्याला माउंट म्हणतात. प्रत्येक कंपनीचा वेगळा. सोयरीक जुळवताना आपण मुलाबरोबर घरही बघतो, तसंच इथे बॉडीबरोबर तिच्या मागचं लेन्सचं घराणं बघायचं.

निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. दोघांनी २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे माउंट काढले : निकॉनचा झेड आणि कॅननचा आरएफ. सोनीचा ई माउंट २०१० पासून आहे, फुजीचा एक्स २०१२ पासून. कॅनन आणि निकॉनने २०२० नंतर नवी डीएसएलआर बॉडी आणलेली नाही, म्हणजे पुढचा रस्ता मिररलेसचा आहे. म्हणून डीएसएलआर टाकाऊ ठरत नाही. उलट बरेच जण मिररलेसकडे गेल्यामुळे जुन्या डीएसएलआर आणि लेन्स स्वस्तात बाहेर पडतात. कमी भांडवलात धंदा सुरू करणाऱ्याला ही संधी आहे, फक्त पुढची वाट ठाऊक असायला हवी.

ती वाट अशी. कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या ॲडॅप्टरने आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. आज घेतलेली ईएफ ५० मिमी चार वर्षांनी नव्या मिररलेसवरही कामाला येते. निकॉनमध्ये एक फट आहे. त्यांच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी३५०० आणि डी५६०० सारख्या बॉडीत ती मोटर नाही आणि निकॉनच्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्येही नाही. स्वस्त मिळाली म्हणून ५० मिमी एफ १.८ डी उचलली तर या बॉडींवर हाताने फोकस करत बसावं लागेल. एएफ-एस लिहिलेली लेन्स घेतली तर ही अडचण येत नाही.

इतर कंपन्यांच्या लेन्स किती मिळतात तेही बघा, कारण त्यांच्यामुळे भाव खाली राहतो. सोनीच्या ई माउंटवर सिग्मा, टॅमरॉन यांच्या लेन्सची रेलचेल आहे. कॅननच्या आरएफवर ही दारं बराच काळ बंद होती. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनने एपीएस-सी बॉडींसाठी आरएफ लेन्स जाहीर केल्यावर ती उघडू लागली.

"पुढे फुल फ्रेम घेणार, आता एपीएस-सी" असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एपीएस-सीसाठी बनवलेली लेन्स फुल फ्रेम मिररलेसवर लावली तर कॅमेरा मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. म्हणून ५० किंवा ८५ मिमीसारख्या लेन्स शक्य तिथे फुल फ्रेमला चालणाऱ्याच घ्याव्यात.

बॉडीत नेमकं काय बघायचं

लग्नासाठी पहिली अट दोन कार्डांच्या खाचा. मंगलाष्टका पुन्हा होत नाहीत आणि अक्षता पुन्हा पडत नाहीत. एक कार्ड खराब झालं तर दुसऱ्यावर प्रत असावी. कॅननच्या आर७ मध्ये दोन खाचा आहेत, आर१० मध्ये एकच. निकॉनच्या झेड६ मध्ये एक आहे, झेड६ टू मध्ये दोन. स्वतःच्या हौसेसाठी एक खाच पुरते, दुसऱ्याच्या लग्नासाठी नाही.

दुसरी गोष्ट हातातली पकड आणि बॅटरी. मिररलेस बॅटरी जास्त खातो, म्हणून हळदीपासून वरातीपर्यंतच्या दिवसाला तीन बॅटऱ्या धरा. तिसरी गोष्ट डोळ्यावर टिकणारा ऑटोफोकस. नव्या मिररलेसचा हा खरा फायदा आहे, नवशिक्याचे कितीतरी फोटो यामुळे वाचतात. व्हिडिओचं काम असेल तर ४के मध्ये चौकट कापली जाते का, सलग किती वेळ रेकॉर्ड होतं आणि बॉडी तापते का हे स्वतः करून बघा. स्टॅबिलायझेशनवर फार भिस्त ठेवू नका. त्याने आपल्या हाताचा कंप सावरतो, समोर नाचणाऱ्या करवल्या काही स्थिर होत नाहीत.

जुना माल घेताना

जुन्या बॉडीत आधी शटर काउंट विचारा. साध्या डीएसएलआरचा शटर साधारण एक लाख क्लिकच्या अंदाजाने बनवलेला असतो, वरच्या दर्जाच्या बॉडींचा दीड ते दोन लाखांच्या. समजा एका लग्नात २,५०० क्लिक होतात आणि वर्षाला ३० लग्नं, तर ७५,००० क्लिक झाले. म्हणजे दोन हंगाम लग्नात राबलेली साधी बॉडी आपलं बरंचसं आयुष्य जगून चुकलेली असते. घरगुती वापराची, २०-२५ हजार क्लिकची बॉडी त्यापेक्षा कधीही बरी.

लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. फोकस जवळून लांब फिरवून बघा, तोंड पूर्ण उघडून चारही कोपऱ्यांचे फोटो काढा आणि मूळ बिल मागा. "बिल नाही, पण माल झकास" असं ऐकलं की पाय मागे घ्यावा. परदेशातून परस्पर आलेल्या नव्या मालाला कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही, तेव्हा वॉरंटी कार्डही नीट वाचा.

हप्ता चातुर्मासात थांबत नाही

आता मुख्य हिशेब. समजा सोसायटीकडून दीड लाख रुपये १२ टक्के व्याजाने दोन वर्षांसाठी घेतले. घटत्या शिलकीवर व्याज धरलं तरी महिन्याचा हप्ता साधारण ७,०६० रुपये येतो आणि व्याजापोटी एकूण १९,५०० च्या आसपास जातात. आषाढी ते कार्तिकीचे चार महिने आपल्याकडे लग्नं थांबतात, हप्ता थांबत नाही. त्या चार महिन्यांचे २८,००० रुपये हंगामातच बाजूला काढून ठेवावे लागतात. ज्याने हे आधी मांडलं नाही, त्याचा कॅमेरा श्रावणात अर्ध्या किमतीला विकायला निघतो.

कर्ज घ्यायचंच असेल तर सगळी रक्कम बॉडीत घालू नका. एक ढोबळ वाटणी अशी : शंभरातले ४० बॉडीला, ४० लेन्सला आणि २० फ्लॅश, कार्ड, बॅटऱ्या, बॅग यांना. आयकराच्या हिशेबात कॅमेऱ्यावर १५ टक्के घसारा धरतात, पण बाजार त्याहून निर्दय आहे. नवं मॉडेल आलं की जुन्या बॉडीचा भाव एका रात्रीत उतरतो. लेन्सचा भाव सावकाश उतरतो.

आणि मोठी लेन्स विकत घेण्याआधी ती भाड्याने आणून दोन कामं करा. ७०-२०० एफ २.८ वर्षात चारदाच लागत असेल तर भाडंच परवडतं.

सीमेपलीकडची खरेदी

आपल्याकडचे बरेच जण कॅमेरा घ्यायला कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईतल्या सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात जातात. डिजिटल कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के आहे, तो सगळीकडे सारखाच. ज्यांची जीएसटी नोंदणी नाही त्यांनी फक्त पक्कं बिल घ्यावं. फोटोग्राफी ही सेवा आहे आणि कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा या तिन्हीकडे सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांची आहे, त्यामुळे बहुतेक नवखे तिच्या आतच असतात.

ज्यांची नोंदणी आहे त्यांनी मात्र बिल होण्याआधीच बोलावं. कर्नाटकातला नंबर असताना महाराष्ट्रातल्या दुकानाने सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी लावून बिल केलं, तर तो कर तुमच्या कर्नाटकातल्या नोंदणीत वळता करून घेता येत नाही. लाखाच्या मालावर १८,००० रुपये हातचे जातात. बिलावर आपला नंबर, बेळगावचा पत्ता आणि आयजीएसटी हवा, त्यासाठी माल दुकानाकडूनच बेळगावच्या पत्त्यावर पाठवून घेणं सोयीचं. बडोद्याच्या फोटोग्राफरने मुंबईहून किंवा हैदराबादच्या फोटोग्राफरने पुण्याहून खरेदी केली तरी नियम हाच. आपल्या कर सल्लागाराला आधी एक फोन करावा.

पावसाळा आणि लेन्स

बेळगाव, चंदगड, कोकण आणि गोव्यात चार महिने हवेत ओल असते. बंद कपाटात, चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की झालं. जेल रंग बदलू लागलं की सुकवून घ्या. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा, पडून राहिलेल्या लेन्सलाच बुरशी लवकर शोधते. गोव्याच्या किनाऱ्यावर काम झालं तर त्याच रात्री बॉडी आणि लेन्स ओलसर मऊ कापडाने पुसून कोरड्या करा, खारा वारा धातूला सोडत नाही.

दुकानात जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा : येत्या वर्षात पैसे देणारी कामं कोणती, त्यांना लेन्स कोणत्या लागतील, त्या कुठल्या माउंटवर आपल्या ऐपतीत बसतात आणि चातुर्मासाचा हप्ता कुठून येणार. या चार ओळींची उत्तरं मिळाली की बॉडीचं नाव शेवटी आपोआप पुढे येतं. उत्तरं मिळत नसतील तर या हंगामात एखाद्या जुन्या फोटोग्राफरचा जोडीदार म्हणून त्याच्याच कॅमेऱ्यावर दहा लग्नं करा. हात बसेल, दोन पैसे मिळतील आणि आपल्याला नेमकं काय लागतं ते कर्ज न काढता कळेल.